बुंद, भाजणी आणि जाते

मराठी घरात चहा हे नित्यकर्म आहे आणि कॉफी हा नैमित्तिक विधी. सकाळी चहाचे आधण ठेवताना कोणी कोणाला विचारीत नाही. कॉफी मात्र निमित्तावाचून होत नाही. एकादशीचा उपवास, परीक्षेच्या दिवसांतील जागरण, पौषातील सर्दी, मुलगी पाहावयास आलेली मंडळी, किंवा चहा वर्ज्य असलेले एखादे वयोवृद्ध पाहुणे ही तिची ठरलेली निमित्ते. तिची रीतही ठरलेली. दुधात साखर घालून उकळावयाचे, डब्यातील पूड चमचाभर टाकावयाची, वर जायफळ किसावयाचे आणि कपबशी पुढे करावयाची. या पेयात कॉफीपेक्षा जायफळच अधिक बोलते. ते पेय गोड आहे, आपले आहे आणि त्याच्याशी आमचे काही भांडण नाही. परंतु ते पिऊन कॉफीची चव कळली असे मात्र म्हणता येत नाही.

हा विषय या महिन्यात घेण्यास कारण आहे. आपल्या घरांतील मुले-मुली आता बंगळूर, हैदराबाद, चेन्नई येथे नोकरीस आहेत. सुटीत घरी येताना ती कॉफी आणतात आणि हल्ली पूड न आणता अख्खे भाजलेले दाणे आणतात. पाकीट सुंदर असते, त्यावर मळ्याचे नाव असते, भाजल्याची तारीख असते आणि ‘डार्क रोस्ट’ अशी अक्षरे असतात. मुले चार दिवस राहून परत जातात आणि पाकीट कपाटात तसेच राहते, कारण घरात ते दळावयाचे कशात हे कोणास ठाऊक नसते. कोणी ते मिक्सरमधून मैद्यासारखे काढते, मग कॉफी कडूजहर होते आणि ‘आपल्याला हे झेपायचे नाही’ असा निकाल लागतो. कोणी चिडून पाचसहा हजारांचे यंत्र मागवते आणि ते महिन्याभरात माळ्यावर जाते. दोन्ही प्रकारांत पैसा वाया जातो. आणि मुलांनी प्रेमाने आणलेली वस्तू आईवडिलांना गोड लागली नाही, ही रुखरुख दोन्हीकडे राहते ती वेगळीच. थोडी माहिती असली तर हे सारे टळण्यासारखे आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण शब्दावरून नाते कळते. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्यांना ‘बुंद’ म्हणत. अरबीत या दाण्यांना ‘बुन्न’ म्हणतात. आपला बुंद तिकडचाच. म्हणजे ‘कॉफी’ हा इंग्रजीच्या वाटेने आलेला शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वी ही वस्तू आपल्याला अगदीच अपरिचित होती असे नाही. बाबा बुडन या सूफी साधूने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकातील चंद्रगिरीच्या डोंगरात पेरल्या, अशी आख्यायिका आहे आणि चिकमगळूरजवळचा तो डोंगर आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातही कॉफी पिकते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या माथ्यावर चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. आमच्या बालाघाटप्रमाणेच तोही सातपुड्याचाच परिसर.

पुढे ही पूड मराठी मुलखात घरोघर पोचविण्यात मुंबईच्या पारशी उद्योजकांचा मोठा वाटा आहे. पेस्तनजी एदलजी यांनी १८८८ मध्ये मुंबईत कॉफी भाजून व दळून विकण्याचा धंदा आरंभिला. तोच पुढे ‘पोलसन’ या नावाने प्रसिद्ध झाला. जुन्या पिढीला पोलसन म्हटले की लोणी आठवते, पण त्या नावाचा पाया कॉफीवर रचलेला आहे. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटजवळ पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. कॉफी बोर्डाने पन्नासच्या दशकात ही गृहे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती गृहे स्वतः चालविली. त्यांपैकी जबलपूरच्या संस्थेचे आपल्यावर विशेष उपकार आहेत. मध्यप्रदेश आणि छत्तीसगढ येथील कितीतरी शहरांत पांढरा गणवेश आणि तुरेदार फेटा घातलेला सेवक आणून देतो ती कॉफी, हीच आमच्याकडील दोन पिढ्यांची या पेयाशी पहिली गंभीर ओळख.

आपल्याच समाजाची एक शाखा मात्र या बाबतीत आपल्याहून फार पुढे आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून जी मराठी कुटुंबे तंजावरला गेली, त्यांचे वंशज आजही घरात आपली जुनी मराठी बोलतात. आणि त्यांचा दिवस उजाडतो तो फिल्टर कॉफीने. तमिळ घरांत कॉफी रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी. ‘आमच्या काळी कॉफी नव्हती’ अशी तक्रार करणाऱ्या त्या काळच्या वृद्धांवरून इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६ मध्ये आपल्या एका इंग्रजी ग्रंथाचे नावच ठेवले आहे. त्या प्रांतातील जुन्या घरांत ओट्याच्या किंवा मेजाच्या कडेला स्क्रूने आवळलेले बिडाचे हातयंत्र असे. वर दाणे घालावयाचे, दांडा फिरवावयाचा आणि खाली दिवसापुरती पूड पाडून घ्यावयाची. म्हणजे अख्खे दाणे घरी दळणे ही काही मुलांनी काढलेली नवी टूम नव्हे. ती जुनी घरगुती रीत आहे. मधल्या काळात तयार पुडीच्या डब्यांनी तिला मागे सारले एवढेच.

आता भाजणीविषयी. ज्या घरात थालीपिठाची भाजणी होते, मेतकूट होते, गोडा मसाला होतो, त्या घराला भाजण्याचे शास्त्र नव्याने शिकवावयास नको. कॉफीचे कच्चे बी हिरवट, टणक आणि जवळजवळ बिनवासाचे असते. आच लागली की आधी त्यातील पाणी जाते, मग ते पिवळे व तपकिरी होते, आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाह्या फुटाव्यात तसा ‘तड्’ असा आवाज करून फुगते. ही पहिली तडतड. येथे थांबविले तर हलकी भाजणी होते. तिच्यात फळाचा आंबटपणा राहतो. आच चालूच ठेवली तर सुमारे २२५ अंशांच्या पुढे दुसरी, बारीक तडतड सुरू होते. या सुमारास दाणा गडद होतो आणि त्याच्या पृष्ठभागावर तेलाची झाक येऊ लागते. हीच गडद भाजणी, म्हणजे पाकिटावरील ‘डार्क रोस्ट’. तोवर दाण्याचे वजन शेकडा पंधरा ते वीस घटलेले असते, आंबटपणा बराच गेलेला असतो आणि कडवटपणा वाढलेला असतो. त्याचबरोबर काकवी, भाजलेला शेंगदाणा, कोको अशा वासांचा एक जाड, गंभीर स्वाद उतरतो.

रंग गडद म्हणजे कॉफी ‘कडक’, असा जो समज आहे तो येथे तपासून घ्यावा. भाजणीने कॅफिन वाढत नाही. झोप उडविण्याचा गुण ठरतो तो मुख्यत्वे जातीवरून आणि पुडीच्या प्रमाणावरून. अरेबिका जातीच्या दाण्यात कॅफिन शेकडा सव्वाच्या आसपास असते, रोबस्टात दोनच्या वर. म्हणजे फिक्या भाजणीचा रोबस्टा गडद भाजणीच्या अरेबिकापेक्षा झोपेला अधिक मारक ठरतो. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जावयास सामान्यतः पाचएक तास लागतात. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना संध्याकाळच्या कॉफीने रात्री झोप येत नसेल, तर त्यात नवल नाही. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढास दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतीस २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालेल असे म्हटले आहे. घरात सून किंवा लेक दिवसांत असेल तर हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

काळेपणाचे दुसरे कारण चिकोरी. ही एका वनस्पतीची मुळी असून ती गुजरात व उत्तर प्रदेशात पिकते. मुळी भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफिन मुळीच नसते. ती रंग देते, दाटपणा देते आणि किंचित गोडसर कडवटपणा देते. दुधाच्या कॉफीत थोडी चिकोरी पुष्कळांना आवडते आणि ती आवडण्यात गैर काही नाही. मात्र आपण कशाचे पैसे देतो हे माहीत असावे. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. म्हणजे कॉफीच्या नावाने घेतलेल्या पुडीत निम्म्याच्या जवळपास मुळी असू शकते, तीही कायदा न मोडता. तेव्हा अक्षरे बारीक असली तरी चष्मा लावून वाचावीत. सुट्या पुडीची शंका असेल तर पेलाभर थंड पाण्यावर ती चिमूटभर अलगद भुरभुरावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडू लागते आणि तपकिरी रेघ सोडीत तळाला जाते. अख्ख्या दाण्यांत मात्र ही मिसळ करताच येत नाही. दाणे घेऊन घरी दळण्याच्या बाजूने हा पहिला भक्कम मुद्दा आहे.

चव पाहण्याची रीत फार सोपी आहे आणि तिला यंत्र काहीच लागत नाही. धंद्यातील पारखी करतात तेच आपण घरी करावे. दोन सारखे कप घ्यावेत. प्रत्येकात जाडसर पूड ८ ते ९ ग्रॅम, म्हणजे अदमासे दोन सपाट मोठे चमचे घालावी. पाण्याला उकळी आली की आच बंद करून मिनिटभर थांबावे आणि प्रत्येक कपात दीडशे मिलिलिटर पाणी ओतावे. दूध नाही, साखर नाही. चार मिनिटे हात लावू नये. वर पुडीची साय धरते. मग चमच्याने ती साय मोडावी आणि मोडतानाच नाक कपाजवळ न्यावे, कारण सर्वांत अधिक वास त्या क्षणी बाहेर पडतो. वरचा फेस काढून टाकावा, किंचित निवू द्यावे आणि चमच्याने थोडी कॉफी फुरका मारून प्यावी. फुरका मारणे चारचौघांत अशिष्ट खरे, पण येथे त्यानेच चव जिभेभर आणि वास नाकापर्यंत पोचतो. कॉफी गरम असताना, कोमट झाल्यावर आणि थंड झाल्यावर अशी तीन वेळा चाखावी. दोन कप एवढ्यासाठी की एकटी चव कळत नाही, तुलनेनेच कळते. एका कपात मुलांनी आणलेली आणि दुसऱ्यात नेहमीच्या डब्यातील, एवढी जोडी पहिल्या दिवसाला पुरे.

चाखलेले सांगावयाला शब्द हवेत आणि येथे मराठी भाषा अतिशय समृद्ध आहे. इंग्रजी पाकिटांवर फळाफुलांच्या नावांची जी माळ असते तिने गांगरून जाऊ नये. आपल्या स्वयंपाकघरात ‘कडू’ आणि ‘कडवट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. कारले कडू असते आणि ते चांगले लागते. जुना अक्रोड कडवट लागतो आणि तो कोणास नको असतो. ‘खमंग’ म्हणजे आच नेमकी लागलेले, ‘करपट’ म्हणजे आच ओलांडलेले. ‘तुरट’ जिभेला आवळते, ‘आंबूस’ लाळ आणते. ‘खवट’ म्हणजे तेल जुने झालेले, ‘कुबट’ म्हणजे दमट जागेत राहिलेले. गडद भाजणीची कॉफी याच शब्दांवर घासून पाहावी. ती कडू असावी पण करपट नसावी; कडूपणा जिभेवर येऊन ओसरावा आणि मागे गुळासारखी किंवा खमंग भाजलेल्या दाण्यासारखी चव राहावी. घोट गिळल्यावर घशाशी राखेची, कोळशाची चव चिकटून राहिली, तर भाजणाराचा हात चुकला, किंवा हलका माल लपविण्यासाठी त्याने मुद्दाम अधिक जाळला. खवट लागली तर दाणे जुने आहेत. तेल वर आलेले गडद दाणे फिक्या भाजणीपेक्षा लवकर खवट होतात, म्हणून या प्रकारात भाजल्याची तारीख पाहणे अधिकच अगत्याचे. कॉफी थंड झाल्यावर दोष अधिक स्पष्ट होतात. थंड झालेली काळी कॉफीसुद्धा जी पिववते, ती चांगली.

दाणे कुठले घ्यावेत हा रुचीचा प्रश्न आहे, पण दिशा सांगता येते. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी येथील अरेबिका गडद भाजली तरी थोडा गोडवा राखते. वायनाडचा रोबस्टा दाट आणि भारदस्त असतो. दुधात तो हरवत नाही. आंध्रातील अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती प्रामुख्याने आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या तुकड्यांवर पिकते. ‘मान्सून्ड मलबार’ हा तर आपल्या पश्चिम किनाऱ्याचाच चमत्कार. कच्चे दाणे पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवतात, ते फुगून फिके होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. ज्यांना आंबूस कॉफी सोसत नाही त्यांनी ही अवश्य पाहावी. दुधाची कॉफी पिणाऱ्या घराने दोन भाग अरेबिका आणि एक भाग रोबस्टा असे मिश्रण घेतले तर सहसा निराशा होत नाही.

आता दळण्याकडे वळू. आमच्या जिल्ह्यातील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा भात रटरटू लागला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. पण तोच तांदूळ पीठ करून महिनाभर उघडा ठेवला तर त्या वासाचे काय उरेल, हे कोणाही गृहिणीस ठाऊक आहे. कॉफीचेही तसेच आहे. दाणा अख्खा असतो तोवर त्याचे सुगंधी तेल आत कोंडलेले राहते आणि हवाबंद डब्यात ते महिना-दीड महिना चांगले टिकते. दळल्याबरोबर हवेला उघडा पडणारा भाग कैक पटींनी वाढतो आणि काही दिवसांतच सुगंध उतरणीला लागतो. बाजारातील पूड आपल्या हातात पडेपर्यंत काही आठवडे नव्हे, कित्येकदा काही महिने झालेले असतात. म्हणून घरी दळणे हा ज्याला चैनीचा प्रकार वाटतो त्याने एवढा विचार करावा की, चांगल्या दाण्यांची किंमत मोजून त्यांचा वास दुकानाच्या फळीवर सोडून येणे हीच खरी उधळपट्टी आहे.

दळण्याची साधने दोन जातींची. पहिली पात्याची. घरातला मिक्सर हा याच जातीचा. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी साठच्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर काढला, तो भारतीय मसाला आणि ओले वाटण झेपेल अशा बेताने. तेव्हापासून पाटा-वरवंट्याचा भार हलका झाला. पण पाते दाणे दळीत नाही, तोडते. काही दाण्यांचा मैदा होतो आणि काहींचे जाड तुकडे राहतात. मैद्यातून कडूपणा फाजील उतरतो, तुकड्यांतून चव उतरतच नाही, म्हणून कॉफी एकाच वेळी कडू आणि पाणचट लागते. शिवाय पाते सतत फिरत राहिले तर पूड तापते.

तरीही ज्यांना आज एक रुपयाही खर्चावयाचा नाही त्यांनी निराश होऊ नये. मिक्सरचे लहान कोरडे भांडे घ्यावे. मसाल्याचा वास जावा म्हणून आधी त्यात मूठभर तांदूळ फिरवून टाकून द्यावेत. भांडे अर्ध्यापेक्षा कमी भरावे, तीन-तीन सेकंद फिरवून थांबावे, मधे भांडे हलवावे आणि असे सातआठ वेळा करावे. मग चहाच्या गाळण्यातून चाळून वरचे तुकडे पुन्हा फिरवावेत. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये काढा करून दुधात घालावयाचा असेल, तर एवढ्यानेही बाजारच्या पुडीपेक्षा पुष्कळ चांगली कॉफी होते.

दुसरी जात चक्कीची. हिचे तत्त्व आपल्या जात्याचेच आहे. दोन दातेरी चाके, एक स्थिर आणि एक फिरते. त्यांच्यामधील अंतर जितके, तितकी पूड जाड किंवा बारीक. पुढे मोटारींसाठी जगप्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या प्यूजो घराण्याने १८४० मध्ये कॉफीच्या चक्क्या करावयास आरंभ केला, हे वाचून कित्येकांना मौज वाटेल. हल्ली अशा हातचक्क्या नळकांडीच्या आकाराच्या मिळतात. त्या मेजाला आवळाव्या लागत नाहीत. एका हातात धरून दुसऱ्याने दांडा फिरवावयाचा. त्यांत चाके दोन प्रकारची असतात. चिनी मातीच्या चाकांची यंत्रे साधारण हजार-दीड हजारांपासून मिळतात. जपानच्या हारिओ कंपनीची या प्रकारातील यंत्रे प्रसिद्ध आहेत. पोलादी चाकांची यंत्रे अडीच हजारांपासून पाचसहा हजारांपर्यंत जातात. चीनची टाइममोर ही त्यांतील परिचित छाप. पोलादी चाके अधिक धारदार असतात, त्यामुळे काम निम्म्या वेळात होते आणि दळणही अधिक एकसारखे पडते. विजेवर चालणारी चांगली चक्की याहून बरीच महाग पडते. आणि स्वस्तातली विजेची म्हणून जी विकतात ती बहुधा आतून पात्याचीच असते. घेण्यापूर्वी झाकण उघडून आत काय आहे ते पाहावे.

हातचक्की निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मधला दांडा हलतो का. जात्याचा खुंटा सैल झाला की पीठ भरड पडते, हे आपल्या आजीला माहीत होते, येथेही तेच. दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी आधारलेला असावा आणि आडवा हलविला असता चाक डगमगू नये. दुसरी, जाडी-बारकी बदलण्याच्या खुणा ‘टक्-टक्’ अशा स्पष्ट लागाव्यात, म्हणजे कालची जाडी आज पुन्हा मिळते. तिसरी, एका वेळी २० ते २५ ग्रॅम दाणे मावावेत. दोन माणसांच्या सकाळच्या कॉफीला तेवढे पुरतात. चौथी, ती हाताने सहज उघडता आणि पुन्हा जोडता यावी. वृद्धांच्या घरासाठी दांड्याची लांबीही पाहावी. दांडा लांब असला की जोर कमी लागतो. गडद भाजलेला दाणा ठिसूळ असतो, त्यामुळे तो दळणे फिक्या दाण्यापेक्षा सोपे जाते, हा गडद भाजणीचा एक अनपेक्षित लाभ.

यंत्र घरी आल्यावर दळण पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे. फिल्टरसाठी पूड बारीक रव्याहून किंचित बारीक हवी. मैदा झाली तर काढा खाली उतरत नाही आणि भरड झाली तर भुर्रकन उतरून पातळ होतो. दांड्याने दाबून गाळण्याच्या काचेच्या भांड्यासाठी जाड रवा हवा. कॉफी फार कडू झाली तर दळण एक खूण जाड करावे आणि पाणीही थोडे निववून घ्यावे. गडद भाजणीस ८५ ते ९० अंशांचे पाणी अधिक मानवते. पाणचट झाली तर एक खूण बारीक करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. विज्ञानाच्या तासाला मुलांना आपण हेच शिकवितो. घरी मात्र विसरतो.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. तीन हजारांची हातचक्की पाच वर्षे टिकली, आणि नीट वापरली तर ती याहून अधिक टिकते, तर महिन्याला पन्नास रुपये पडतात. घरात कॉफी महिन्यातून चार वेळा होत असेल तर मिक्सर पुरेसा आहे. यंत्र घेऊ नये. रोज दुधाची फिल्टर कॉफी होत असेल तर चिनी मातीची साधी हातचक्की पुरते. काळी, बिनदुधाची कॉफी पिणारा कोणी घरात असेल तरच पोलादी चाकांवर पैसे घालावेत, कारण दळणातील दोष दूध झाकते, पाणी झाकीत नाही. हात दुखत असतील, संधिवात असेल, तर हातचक्कीचा आग्रह धरू नये. आणि पैसे मोजकेच असतील तर ते आधी ताज्या दाण्यांवर खर्चावेत, मग यंत्रावर. शिळ्या दाण्यांना उत्तम चक्कीही तारीत नाही.

निगा राखणे हे शेवटचे कलम. कॉफीच्या चक्कीत मिरी-वेलदोडा कधीही घालू नये; तो वास महिनोन्‌महिने जात नाही. पोलादी चाकांना पाणी लावू नये, कोरड्या ब्रशाने झाडावीत. गडद दाण्यांचे तेल चाकांना चिकटून तेथेच खवट होते, म्हणून ही झाडलोट दर आठवड्याला करावी. दाणे एका वेळी पाव किलोच्या वर आणू नयेत. वैनगंगेकाठच्या आमच्या पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात. तेव्हा दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या आणि थंड फळीवर ठेवावेत. शीतकपाटात उघडझाक करून ठेवू नयेत; बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते आणि स्वाद बिघडतो.

जायफळाची कॉफी यापुढे करू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तीही ताज्या दळणाची केली तर अधिक चांगली होते. फक्त जायफळ थोडे हात राखून किसावे, म्हणजे दोघांनाही बोलावयास जागा राहते. आणि पुढच्या सुटीत मुले येतील तेव्हा कपाटातील पाकीट तसेच बंद न सापडता, ते संपले असून आता याच मळ्याचे किंवा दुसऱ्या मळ्याचे आणा, एवढे त्यांना कानावर घालता आले, तर घरच्या त्या लहानशा जात्याची किंमत वसूल झाली असे खुशाल समजावे.